मिलानी घडणीचा पॉइंट शू, ठाण्याच्या पावसाळ्यात

निकाल आधी. साटीन, तागाचं कापड, कागद, खळ आणि कातडी तळ एवढ्या सामानातून झालेला पारंपरिक इटालियन घडणीचा पॉइंट शू, म्हणजे बॅलेत बोटांच्या टोकावर उभं राहायचा बूट, पायाला नीट बसला, तर पाऊल त्याच्याइतकं सुरेख दुसऱ्या कुठल्याच बुटात दिसत नाही. ऑक्टोबर ते मे तो ठाण्यात निमूट चालतो. जून ते सप्टेंबर मात्र घरातल्या आजारी माणसासारखी त्याची उस्तवार करावी लागते. आणि ज्या मुलीला एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, सलग सोळा-वीस वेळा चवड्यावर चढता-उतरता येत नाही, तिच्यासाठी तो घेऊ नये. तिने कितीही हट्ट केला तरी, आणि वार्षिक कार्यक्रम कितीही जवळ आला असला तरी.

कारखान्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. हे बूट हाताने होतात, एकाच साच्यावरचे दोन जोडसुद्धा तंतोतंत सारखे निघत नाहीत, आणि खालचं सगळं या घडणीच्या कुठल्याही जोडाला लागू पडतं. पाहिलेला जोड असा: मध्यम कडक शँक (तळव्याखालचा कणा), मध्यम उंचीचा व्हॅम्प (बोटांवरचा भाग), फिकट गुलाबी साटीन, फिती आणि इलॅस्टिक न शिवलेले. वापर आठवड्याला तीन वर्ग, त्यात पॉइंटवरचं काम दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं.

आत काय असतं

टोकात लाकूड असतं, सिमेंट असतं, लोखंडी पत्रा असतो, अशा समजुती पालकांमध्ये सर्रास ऐकू येतात. यातलं काहीही नसतं. टोकाच्या कडक भागाला बॉक्स म्हणतात. तागाचं विरळ कापड आणि कागद यांचे थर एकावर एक खळ लावून चढवतात, हातोडीने ठोकून आकार देतात आणि गरम भट्टीत वाळवतात. बूट आधी उलटा शिवतात आणि मग उशीचा अभ्रा सुलटा करावा तसा सुलटा करतात, म्हणून शिवण बाहेर दिसत नाही. बूट पालथा करून टोकाच्या खालची बाजू पाहा. तिथे साटीन गोळा करून चुण्या घातलेल्या असतात, मोदकाला कळ्या पाडतात तशा. चुण्या दाट आणि एकसारख्या असतील तर टोक सपाट बसतं. एखादी चुणी जाड राहिली की बूट फरशीवर उभा करताच एका बाजूला कलतो. पार्सल उघडल्यावर पहिली तपासणी हीच करायची: दोन्ही बूट सपाट टेबलावर टोकावर टेकवून धरायचे आणि बोटाने हलके दाबून डुगडुगतात का ते बघायचं. आमच्या जोडातला एक किंचित डुगडुगत होता. हातोडीच्या दोन-तीन हलक्या ठोक्यांनी तो सरळ झाला.

ज्या सपाट भागावर उभं राहायचं तो प्लॅटफॉर्म. त्यावर दहा रुपयांचं नाणं ठेवलं तर कडेला थोडीच जागा उरते. सगळं शरीर एवढ्यावर तोलायचं. बोटांवरून वर येणारा भाग व्हॅम्प, बाजूने चवड्याच्या सांध्यापर्यंत येणारे कडक पंख म्हणजे विंग्ज, आणि तळव्याखालचा कणा म्हणजे शँक. पारंपरिक बुटात शँक पुठ्ठ्याचा, कातड्याचा किंवा दोन्हींचा मिळून असतो. या बुटाला डावा-उजवा नसतो. दोन्ही सारखेच येतात, पाय त्यांना डावं-उजवं करतो.

हा सपाट प्लॅटफॉर्म आला कुठून, ते कळलं की हा बूट कोणत्या कामाला चांगला आणि कोणत्या कामाला वाईट हेही कळतं, म्हणून थोडं मागे जावं लागेल.

1832 साली पॅरिसच्या ऑपेरात मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’ नाचली. नृत्यरचना वडिलांची, फिलिप्पो ताल्योनी यांची. घराणं इटालियन, मुलीचा जन्म स्टॉकहोमचा. तिच्या पायात बॉक्स वगैरे काही नव्हतं. मऊ साटीनची सपाता, पातळ कातडी तळ, आणि टोकाला व बाजूंना दोऱ्याची दाट रफू. आधार तेवढाच. बाकी सगळं काम पोटरी, घोटा आणि बोटांचं. त्यामुळे पॉइंट म्हणजे एक क्षण वर जाणं आणि लगेच खाली येणं. तिच्या रशियातल्या चाहत्यांनी तिचे बूट शिजवून खाल्ले अशी एक आख्यायिका आहे. आपल्याकडे ते काम कसर आणि झुरळं करतात, त्यावर पुढे येऊच.

तेवढ्यावर इटालियन नर्तकींचं भागलं नाही. मिलानच्या स्काला थिएटरची नृत्यशाळा 1813 ची. नेपल्सचा कार्लो ब्लासिस 1830 च्या दशकाअखेरीस तिथे प्रमुख झाला. 1820 मध्येच त्याचं बॅलेच्या तंत्रावरचं पुस्तक मिलानमध्ये निघालं होतं. एक पाय मागे वाकवून उचललेली जी ‘आतित्यूद’ मुद्रा प्रत्येक वर्गात शिकवतात, तिचं मूळ त्याने जांबोलोन्या या शिल्पकाराने घडवलेल्या मर्क्युरी या रोमन देवाच्या पुतळ्यात दाखवलं. पुतळा बघितला तर गंमत लक्षात येते: मर्क्युरी एका पायाच्या चवड्यावर उभा आहे आणि त्याच्या खाली वाऱ्याच्या देवाच्या तोंडातून निघालेला झोत आहे. काशाच्या मूर्तीला हवेच्या झोताचा टेकू चालतो. माणसाला चालत नाही. मिलानच्या वर्गात घडलेल्या मुलींनी ही मुद्रा, तोल आणि गिरक्या थेट पॉइंटवर नेल्या, तेव्हा खाली काहीतरी सपाट आणि घट्ट असणं भाग पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिलानी बुटाचं टोक टणक आणि सपाट झालं ते यासाठी. तळ मात्र आजच्याइतका ताठ नव्हता.

पुढचा भाग रशियात घडला. 1885 मध्ये व्हिर्जिनिया झुक्की ही इटालियन नर्तकी पीटर्सबर्गला गेली. 1890 मध्ये तिथे ‘स्लीपिंग ब्यूटी’ पहिल्यांदा झालं तेव्हा नायिका ऑरोरा होती कार्लोत्ता ब्रियांझा. चार राजपुत्र एकेक करून हात देतात आणि सोडतात, ती एका पायाच्या टोकावर आतित्यूदमध्ये तशीच उभी. मर्क्युरीच आहे तो, फक्त झोताच्या जागी खळ आणि ताग. त्याच प्रयोगात दुष्ट परी काराबोस आणि निळा पक्षी अशा दोन टोकांच्या भूमिका एकट्या एन्रिको चेकेट्टी या इटालियन नर्तकाने केल्या, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. 1893 मध्ये पिएरिना लेन्यानीने पीटर्सबर्गच्या ‘सिंड्रेला’त एका पायावर सलग 32 फुएते, म्हणजे दुसरा पाय फटकारत घ्यायच्या गिरक्या, घेतले आणि 1895 च्या ‘स्वान लेक’मध्ये ते कायमचे जाऊन बसले. रशियन नर्तकी आधी थक्क झाल्या, मग शिकायला बसल्या. माथिल्दा क्षेसिंस्काया ही 32 फुएते घेणारी पहिली रशियन, आणि ती चेकेट्टीकडे शिकत होती.

म्हणजे बूट मिलानचा होता तशी तालीमही मिलानचीच होती. ब्लासिसचा शिष्य जोवान्नी लेप्री, लेप्रीचा शिष्य चेकेट्टी. सोमवारचे व्यायाम सोमवारी, मंगळवारचे मंगळवारी, असं आठवड्याचं वेळापत्रक लावून देणारा हा गुरू. गायकाला पलट्यांचा रियाज असतो तसंच ते. नुसते बूट मागवून लेन्यानीच्या गिरक्या मिळत असत्या तर पीटर्सबर्गच्या मुलींनी मिलानला पत्र टाकलं असतं आणि काम भागलं असतं.

माप

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

पहिली चूक ‘वाढीचं माप’. शाळेच्या बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवायची आपली सवय इथे थेट इजा करते. पॉइंट शूमध्ये वाढीला जागा शून्य. सपाट उभं राहिल्यावर बोटं टोकाला टेकली पाहिजेत, पण सरळ राहिली पाहिजेत. दोन्ही पाय बाजूला घेऊन गुडघे वाकवले, म्हणजे दुसऱ्या स्थितीतला प्लिए केला, की पाऊल पसरून लांब होतं. तेव्हा बोटं घट्ट टेकावीत, पण दुमडू नयेत. दुमडली तर बूट आखूड. मग एका पायाचं टोक जमिनीवर टेकवून, वजन न देता, टाचेमागचं कापड चिमटीत धरायचं. अर्धा ते एक सेंटिमीटर कापड चिमटीत आलं तर माप बरोबर. मूठभर आलं तर लांब. काहीच आलं नाही तर सपाट उभं राहताना टाचेच्या स्नायुबंधाला कापड काचेल.

दुसरी चूक रुंदीची, आणि ती लांबीपेक्षा वाईट. बॉक्स रुंद असला की पॉइंटवर चढल्यावर पाय आत घसरतो, बाटलीत बूच खाली जावं तसा. सगळं वजन अंगठ्याच्या नखावर येतं. नख काळं पडतं, आणि घरचे म्हणतात बूट लहान आहे, मोठा आणा. मोठा आणला की पाय आणखी घसरतो. नख काळं पडत असेल तर आधी रुंदी कमी करून बघायची. उलट बॉक्स अरुंद असेल तर चवड्याच्या सांध्याला बाजूने रग लागते, बोटं एकमेकांवर चढतात आणि बूट पुढे प्लॅटफॉर्मपर्यंत नीट येतच नाही.

व्हॅम्पने बोटांची मुळं झाकली गेली पाहिजेत. त्याहून आखूड असला तर कमानदार पायाची मुलगी पॉइंटवर पुढे ओतली जाते आणि घोट्यासमोर सगळा ताण येतो. फार उंच असला तर चवड्यावरची अर्धी चढण, म्हणजे देमी-पॉइंट, जमत नाही आणि मुलगी उडी मारून टोकावर चढायला लागते. ही सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात. विंग्ज अंगठ्याच्या सांध्यापर्यंत हव्यात, त्याच्या पुढे नकोत.

शँकचा कडकपणा निवडताना ‘नवी मुलगी, म्हणून जास्त आधार, म्हणून जास्त कडक’ असा हिशोब मांडतात. पाय कमकुवत असेल तर कडक शँक तो वाकूच देत नाही. मुलगी प्लॅटफॉर्मच्या मागच्या कडेवर लटकते, गुडघे वाकतात, आणि बाजूने बघितलं तर मागे बसल्यासारखी दिसते. फार मऊ शँक लवकर मोडतो आणि पाय पुढे ढकलतो. बहुतेक नवख्यांना मध्यम बरा. या जोडाचा मध्यम शँक इतर काही घडणींच्या मध्यमपेक्षा जरा ताठ वाटला, पण चार-पाच वर्गांत सैलावला.

अंगठा सगळ्यात लांब आणि बाकीची बोटं उतरत्या क्रमाने, अशा पायाला या बुटाचं निमुळतं टोक बरं. पहिली तीन-चार बोटं एका रेषेत असतील तर चौकोनी टोकाची घडण शोधावी, यात बळेच घुसवू नये. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असेल तर अंगठ्याच्या टोकाला सिलिकॉनची छोटी टोपी किंवा कापसाची पातळ गादी घालून दोघांची उंची सारखी करायची, नाहीतर सगळा भार दुसऱ्या बोटावर येऊन ते वाकडं होतं. बोटांची गादी पातळच हवी. जाड जेलची गादी दुखणं लपवते, आणि फरशी पायाला कळेनाशी होते.

ऑनलाइन मागवताना नुसता शाळेच्या बुटाचा नंबर कळवून भागत नाही. पायाची लांबी आणि चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये, दोन्ही पायांची वेगवेगळी, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना मोजायची. सोबत पायाचा समोरून आणि बाजूने फोटो. बूट आला की तो गालिचावर किंवा सतरंजीवरच घालून बघायचा. साटीन फरशीवर एकदा घासलं गेलं किंवा एक फीत शिवली की बूट परत घेत नाहीत. आजच्या भावाने असा परदेशी जोड घरपोच साधारण 7,000 ते 10,000 रुपयांना पडतो, म्हणून सतरंजीवरची ती दहा मिनिटं वाचवू नयेत.

फिती आणि पहिला आठवडा

फीत साधारण 22 मिलिमीटर रुंद, जोडाला सव्वादोन-अडीच मीटर. चार सारखे तुकडे करायचे. टोकं मेणबत्तीच्या ज्योतीजवळून फिरवून वितळवायची, नाहीतर उसवतात. जागा ठरवायला टाचेचं कापड आतल्या बाजूला पुढे दुमडायचं. दुमड जिथे कडेला संपते तिथे, जराशी पुढे झुकवून, फीत शिवायची. दोरा गोधडीचा जाड किंवा दातांचा फ्लॉस. शिवताना कडेच्या नळीतल्या ओढदोरीत सुई गेली तर दोरी अडकते आणि बूट घट्ट-सैल करता येत नाही. पहिल्या जोडात पुष्कळ जणी इथेच चुकतात. टाचेचं इलॅस्टिक जरा ताणून शिवायचं, आवळून नाही. गाठ घोट्याच्या आतल्या बाजूच्या खळग्यात बसवायची. मागच्या स्नायुबंधावर बांधली तर आठवड्याभरात तिथे दुखायला लागतं. फितीचं साटीन आणि सुया-दोरे जांभळी नाक्याच्या दुकानांत मिळतात, त्यासाठी परदेशी ‘किट’वर पैसे घालवू नयेत.

बूट मोकळा करायला तो दारात चेपणं, हातोडीने बडवणं, पाणी मारणं हे प्रकार व्हिडिओंत भरपूर दिसतात. नवख्या मुलीने यातलं काहीही करू नये. व्यावसायिक नर्तकी तसं करतात, कारण त्यांना दर आठवड्याला नवे जोड मिळतात आणि आपला शँक नेमका कुठे मोडायला हवा ते त्यांना माहीत असतं. शँक कमानीच्या जागी, म्हणजे टाचेच्या थोडा पुढे वाकायला हवा. मधोमध वाकवला तर बूट मेलाच. पहिले तीन-चार दिवस घरात देमी-पॉइंटपर्यंत सावकाश चढणं-उतरणं, दहा-दहा मिनिटं, मग बारला, म्हणजे आधाराच्या आडव्या दांड्याला, दोन्ही हात ठेवून पूर्ण रेलेव्हे, म्हणजे टोकापर्यंत चढणं. तेवढं पुरतं.

प्लॅटफॉर्मवरचं साटीन दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात फाटतं. तो दोष मानू नये. कडेने जाड क्रोशाच्या दोऱ्याची रफू घालून घेतली की साटीन पुढे उसवत नाही आणि सपाट भागाची पकडही वाढते. ताल्योनीच्या काळात त्या रफूवर सगळा आधार होता. आता ती निव्वळ टिकाऊपणासाठी, तरी दोन तास देऊन घालावी.

पावसाळा

या बुटाचा खरा शत्रू पाणी. खळ पिठाची, ती ओल धरते. नाचताना पायाला घाम येतो, बॉक्स आतून मऊ होतो, वाळला की पुन्हा बऱ्यापैकी ताठ होतो. कोरड्या हवेत किंवा एसी हॉलमध्ये हे चक्र एका दिवसात पुरं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. तेव्हा बूट 24 तासांत वाळत नाही, 48 तास धरून चालावं. आणि अर्धवट वाळलेला बूट पुन्हा घातला की तो पहिल्या पाच मिनिटांतच टोकाशी खचतो. पॉइंटवर असताना अंगठा एकदम फरशीच्या जवळ गेल्यासारखा वाटला, तर बॉक्स गेला आहे. त्या बुटावर त्या दिवशी पॉइंटचं काम थांबवायचं. मऊ बॉक्सवर गिरकी घेताना घोटा मुरगळतो, आणि तो मुरगळल्यावर काही आठवडे सुटी ठरलेली.

कोरड्या महिन्यांत एक जोड नवख्या मुलीला प्रत्यक्ष पॉइंटचे दहा ते वीस तास देतो. पावसाळ्यात यातला खालचा आकडा धरायचा. उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकत्र करावे लागतात.

दोन जोड आलटून पालटून वापरायचे. खर्च दुप्पट वाटतो, पण प्रत्येक जोड पूर्ण वाळत असल्याने दोन्ही मिळून एकामागोमाग एक वापरलेल्या दोघांपेक्षा जास्त टिकतात.

वर्ग संपल्या संपल्या बूट पिशवीत कोंबायचे नाहीत. रिक्षाने घोडबंदर रोडवरून घरी यायला तासभर लागला तर त्या तासात प्लास्टिकच्या पिशवीत बॉक्सची लापशी होते. जाळीची किंवा सुती पिशवी हवी, आतली गादी काढलेली, फिती शँकवर गुंडाळून टाच आत दुमडलेली. घरी आल्यावर टोकात वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बोळे बदलायचे, आणि रात्रभर पंख्याखाली. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या नव्या पर्सच्या, बुटांच्या खोक्यांतून निघतात त्या जमवून टोकात घालाव्यात. फोनसारखे बूट तांदळाच्या डब्यात पुरायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्यावा.

तिसरा उपाय डिंकाचा. बॉक्स मऊ व्हायला लागला की टोकाच्या आत, प्लॅटफॉर्मच्या मागे आणि दोन्ही विंग्जच्या आत शेलॅक (लाखेचं रोगण) किंवा फेविक्विकसारखा पातळ गोंद लावून घेतात. यात दोन धोके. सायनोअॅक्रिलेट गोंद सुती अस्तरावर पडला की एकदम तापतो आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते, म्हणून खिडकी उघडी ठेवून, मोठ्या माणसाने, थेंब-थेंब करत लावायचा. पाय आत असताना तर कधीच नाही. दुसरा धोका ओल्या बुटाला लावण्याचा. आतली ओल तशीच कोंडली जाते, वरचा थर काचेसारखा होतो आणि पहिल्याच रेलेव्हेला कडकन तडकतो. आधी दोन दिवस वाळवायचं, मग गोंद, मग रात्रभर तसंच ठेवायचं.

आणि कसर. पुस्तकांच्या बांधणीतली खळ खाणाऱ्या त्या चंदेरी किड्याला हा बूट म्हणजे मेजवानीच. झुरळांनाही. कपाटाच्या तळाला, जुन्या वह्यांच्या शेजारी, नवा जोड चार महिने ठेवला तर विंग्जच्या कडा कुरतडलेल्या मिळू शकतात. पुढच्या वर्षासाठी सवलतीत चार जोड घेऊन ठेवायचा मोह टाळावा. ठेवायचेच असतील तर हवाबंद डब्यात, पूर्ण कोरडे, सिलिका जेलसह.

हे सगळं नको असेल तर प्लास्टिकच्या लवचिक शँकचे आणि बॉक्सचे आधुनिक बूट मिळतात. त्यांना दमट हवेची फारशी पर्वा नसते, ते कितीतरी पट जास्त टिकतात आणि पावसाळ्यात त्यांचा हिशोब स्वस्त पडतो. मात्र ते पायाप्रमाणे घडत नाहीत. बसले तर पहिल्या दिवसापासून बसतात, नाही बसले तर कधीच बसत नाहीत. शिवाय त्यांचा शँक स्प्रिंगसारखा वर ढकलतो, त्यामुळे नवख्या मुलीचा पाय देमी-पॉइंटमधून सावकाश उतरायचं काम टाळायला शिकतो. स्नायू तिथेच तर घडतात. आमचं मत: पहिलं वर्ष पारंपरिक, पुढे पाय कसा निघतो ते बघून ठरवावं. शाळा-कॉलेज सांभाळून नाचणाऱ्या मोठ्या मुलींनी पावसाळ्यापुरता प्लास्टिकचा जोड ठेवला तर त्यात काही कमीपणा नाही.

फरशी

बूट कितीही चांगला असला तरी ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या क्लबहाउसात जी चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी असते, तिच्यावर तो घालू नये. साटीन त्यावर साबणासारखं सरकतं. खाली थेट काँक्रीट असल्याने उडीचा धक्का पिंढरीच्या हाडात जातो. व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ बुटाच्या टोकाला लावून पकड वाढवता येते, पण फरशीवर तिचे डाग पडतात आणि सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी हजर होतात. वर्ग निवडताना विचारायचा प्रश्न एकच: नाचायला अंथरलेल्या विनाइलच्या खाली काय आहे? लाकडी, खाली पोकळी असलेली, दाबली की किंचित खचणारी फरशी असेल तर ठीक. फरशीवर नुसतं विनाइल अंथरलेलं असेल तर निसरडेपणा गेला, धक्का तसाच राहिला.

भरतनाट्यम शिकलेल्या मुलींचं वेगळं. अरमंडीमुळे, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्यामुळे, त्यांच्या मांड्या आणि कंबर उघडलेली असते, तो फायदा मोठा. पण पाय आपटून ताल धरायची सवय असल्याने त्या पॉइंटवरून धप्पकन उतरतात आणि बॉक्स लवकर फोडतात. त्यांना बूट देण्याआधी महिना-दोन महिने नुसतं सावकाश उतरणं करून घ्यावं.

वयाबद्दल: सुरुवात अकरा-बाराच्या आधी नको, आणि त्याआधी आठवड्याला किमान दोन वर्ग असं दोन-तीन वर्षं मऊ बुटात झालेलं हवं. घरी करता येणारी एक चाचणी आहे. पाय लांब करून बसायचं, पाऊल पूर्ण ताणायचं, आणि घोट्यावर पेन्सिल आडवी नाही, उभी, म्हणजे नडगीच्या रेषेत ठेवायची. पेन्सिल नडगी आणि पाऊल दोन्हींना सपाट टेकली तर घोट्यात पुरेशी वाकण आहे. मधे टेकडीसारखी अडली तर पॉइंटवर गेल्यावर प्लॅटफॉर्मवर पूर्ण येता येणार नाही, आणि त्यावर कुठल्याही घडणीच्या बुटाचा इलाज नाही. रशियन नर्तकी आन्ना पावलोव्हाचा पाय उलट टोकाचा: कमान फार उंच, घोटा नाजूक. तिने बूट मिलानच्या निकोलिनी या बूटकाराकडून घेतले आणि आपल्या पायाला सोसतील असे ते बदलून मजबूत करून घेतले. एवढ्या मोठ्या नर्तकीलाही तयार बूट जसाच्या तसा चालला नाही. न्यूयॉर्कला 1887 मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेराजवळ दुकान काढणारा साल्वातोरे कापेझिओ हाही इटालियनच, आणि पावलोव्हाच्या ताफ्याने पुढे त्याच्याकडूनही बूट घेतले.

दुरुस्तीसाठी नाक्यावरच्या चांभाराकडे हा बूट देताना एवढंच सांगावं: खिळा ठोकायचा नाही. तळाची पट्टी सुटली तर चिकटवून आणि शिवून दिली तरी चालते. आत आलेलं खिळ्याचं टोक मात्र दुसऱ्या दिवशी टाचेत शिरतं.

सुरुवातीचे तीन-चार वर्ग डावा-उजवा आलटून पालटून घालावा, दोन्ही सारखे सैलावतात. नंतर बूट पायाचा आकार घेतो, तेव्हा अदलाबदल बंद, आणि आतल्या अस्तरावर बॉलपेनने ‘डा’ आणि ‘उ’ लिहून टाकावं. त्याच पेनने तळावर दर वर्गानंतर पॉइंटची मिनिटं लिहायची. बेरीज दहा तासांच्या पुढे गेली की दर वेळी घालण्याआधी दोन्ही अंगठ्यांनी विंग्ज दाबून बघायच्या. पुठ्ठ्यासारख्या परत उसळल्या तर चालेल, ओल्या पापडासारख्या आत गेल्या तर नाही.